पणजीतली पहिली पंगत

दसरा झाला की आमच्या घराला कुलूप लागायचं. पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या कडेला आमचं गाव. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर कोयता, आणि बहुतेक वर्षी कोयताच. बैलगाडीत तवा, काटवट, पिठाचा डबा, गोधड्या आणि पोरं भरायची आणि साखर कारखान्याची वाट धरायची. तळावर पोचलं की मुकादम दाखवील त्या जागी उसाच्या पाचटाची कोपी उभी करायची, तीन दगड मांडून चूल पेटवायची. झालं घर. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं 'एक कोयता' म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. असा एक कोयता म्हणजे माझे आई आणि आबा.

आबा निदान तोड थांबली की गाडीला टेकून चिलीम ओढायचे. आई बसलेली मला आठवत नाही. अंधारात उठून ती दिवसभराच्या भाकरी थापायची, आणि तिची स्वतःची भाकर हातात असायची, चालता चालता खायची. गावी असली तरी तेच. घरातल्या सगळ्यांचं झालं की चुलीपुढं एक गुडघा उभा करून, उठायच्या तयारीत, दोन घास. कुणी विचारलं तर, "मी जेवले की मगाच." कधी जेवली, कुणी पाहिलेलं नसायचं.

मला मात्र त्यांनी शाळेसाठी मावशीकडं ठेवलं. मी नगरला जाऊन बी. ए. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी सारखं सांगतो, लोक कंटाळले तरी सांगतो. शेवगावला हायस्कुलात मास्तर झालो आणि त्या वर्षी दसरा झाला तरी आमच्या घराला कुलूप लागलं नाही.

तेव्हा मी मनाशी एक गोष्ट ठरवली. आईला एकदा तरी बसवून, दुसऱ्याच्या हातचं, पोटभर जेवायला घालायचं. वाचणाऱ्याला वाटेल, यात काय मोठं? त्यानं माझी आई पाहिलेली नाही. आबांना सांगितलं तर ते हसत सुटले.

"तुझी आय ऐतं खाईल? आरं, आमच्या लग्नात नवरीचं ताट पुढं आलं, तर ही बया उठून बहिनीच्या पोरीला भरवाया लागली!"

घरी हे जमणं शक्य नव्हतं. नातेवाइकांकडं नेली तर ती पिशवी ठेवायच्या आत त्यांच्या चुलीपाशी बसते. म्हणजे जिथल्या चुलीवर तिचा काडीचा हक्क नाही अशा ठिकाणी न्यायला हवी होती. कॉलेजातला एक सावंतवाडीचा मित्र पणजीचं एक छोटं हॉटेल नेहमी वाखाणायचा. समुद्रही आमच्यात कुणी पाहिला नव्हता. एकाहत्तरच्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही तिघं निघालो.

निघताना आईचं बोचकं उचललं तर हात खाली आला. सोडून पाहिलं. तवा, काटवट, बाजरीचं पीठ, तिखटाची पुरचुंडी, मिठाचा खडा.

"आई, आपण हॉटेलात राहणार आहोत. तिथं जेवण मिळतं."

"आसंल. आपलं आपल्यापाशी आसावं."

तळाशी गठ्ठाभर सरपणही होतं, तेवढं मी काढून ठेवलं. तव्याला तिनं हात लावू दिला नाही.

पणजी

एस.टी.चा प्रवास सांगण्यासारखा नाही. घाट उतरताना आईला उलट्या झाल्या आणि आबांनी शेजारच्या वाण्याला उसाच्या जातींची माहिती दिली, एवढं पुरे.

पण पणजी! आमच्याकडं घर म्हणजे मातीचं, मातीच्याच रंगाचं. इथं एक घर पिवळं, पुढचं निळं, त्याच्या पुढचं गेरूसारखं लाल, आणि कडांना पांढऱ्या पट्ट्या. गल्ल्या अरुंद, घरांना लाकडी सज्जे, सज्जांवर वेली. पोर्तुगीज जाऊन दहा वर्षं झाली होती तरी म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर हॅट होत्या. सकाळी पाववाला खांद्यावर टोपली आणि हातात घुंगरांची काठी घेऊन यायचा आणि गल्ली त्या आवाजानं जागी व्हायची. आबा म्हणाले, "ह्यो पोतराज हाय का पाववाला?"

आमचं हॉटेल अशाच एका पिवळ्या घरात होतं. वर चार खोल्या, खाली जेवायची खोली, मागं विहीर आणि माड. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले. त्यातून ऊन आत यायचं ते दुधासारखं. आईनं एका शिंपल्यावर नख वाजवून पाहिलं. "काच न्हाई, कागद न्हाई. काय गं बाई ही तऱ्हा!"

मालकीण एस्पेरान्सबाई, पन्नाशीच्या, ठेंगण्या, फुलांचा झगा घातलेल्या. नवरा बोटीवर नोकरीला होता, तो वारल्यावर त्यांनी खोल्या द्यायला सुरुवात केली. मदतीला शांता नावाची एक बाई, पाणी भरायला आणि भांड्यांना. एस्पेरान्सबाईंचं मराठी कोकणीत भिजलेलं होतं, पण कळायचं. आईनं त्यांना नीट न्याहाळलं आणि मला कानात विचारलं, "हिथली मुकादम हीच का?"

खोलीत स्प्रिंगची खाट होती. आबा बसले ते कमरेपर्यंत आत गेले आणि "आरं धरा, धरा!" म्हणून ओरडले. आईनं सरळ खाली गोधडी अंथरली.

दुपारी मी विजयी मुद्रेनं तिला जेवायच्या खोलीत नेलं. टेबल, खुर्ची, पांढरं कापड. आई खुर्चीच्या कडेवर टेकली, ताट पुढं आलं, आणि ती म्हणाली, "मला भूक न्हाई. तुमी जेवा." उठून गेली ती गेलीच. जेवून मागं जाऊन पाहतो तर विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहून घरून आणलेली शिळी भाकर आणि चटणी खात होती.

"आई, भूक नव्हती ना?"

"मग हे काय जेवन हाय व्हय? ह्ये आपलं असंच."

संध्याकाळी मिरामारला जाऊन समुद्र पाहिला. कॉलेजच्या सहलीत मी भंडारदऱ्याचं धरण पाहिलं होतं, तेव्हा वाटलं होतं पाणी ते हेच. ते सगळं धरण इथल्या एका कोपऱ्यात बसलं असतं. आबा चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. आई मात्र लाटेकडं पाहून म्हणाली, "दमत न्हाई का गं बाई ही?" माझ्या मनात आलं, तिला जोडीदारीण भेटली.

धूर

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेलो. मागच्या अंगणात धुराचा लोट उठला होता. आईनं माडाची वाळलेली झावळं मोडून, तीन दगड मांडून चूल पेटवली होती आणि तव्यावर बाजरीची भाकर टम्म फुगली होती. आणि ती चूल तिनं वाऱ्याच्या आडोशाला म्हणून घराच्या भिंतीला लागून मांडली होती. त्या पिवळ्याधमक भिंतीवर कमरेपासून छपरापर्यंत काळा पट्टा उमटला होता.

एस्पेरान्सबाई दोन्ही हात डोक्याला लावून उभ्या होत्या. "आगे बाय, म्हजी वणत! भिंत! नाताळाला रंगवली मी!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र शांत. "बाई, आमी कुटं बी गेलो तरी आमची भाकर आमीच थापतो. तुमाला तोशीस नको म्हनून."

"तोशीस? तू माझ्या घरात पाहुणी! आणि अंगणात बसून स्वतः रांधतेस? शेजारी लोक कितें म्हणटले? एस्पेरान्सच्या घरी माणसं उपाशी ऱ्हवतात?"

आई थबकली. आमच्याकडंही अशीच रीत आहे. पाहुण्यानं आपली शिदोरी उघडून खाल्ली तर त्या घराचं नाक गेलं. पण आईच्या हिशेबी आम्ही पाहुणे नव्हतोच. जिथं मुकादम जागा दाखवतो तिथं आपली चूल आपण पेटवायची, एवढंच तिला आयुष्यभर ठाऊक. तिला पाहुणी म्हणणारी ही पहिलीच बाई.

तिनं चुलीवर पाणी ओतलं. मग पदर सावरून हळूच विचारलं, "पन तुमच्यात... काय काय शिजवतात, त्याच भांड्यात आमचं बी?"

हा प्रश्न येणारच होता, आणि मी तो टाळत होतो. एस्पेरान्सबाईंना राग आला नाही. त्यांनी आईचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं आणि फळीवरची मातीची मडकी दाखवली. हिंदू पाहुण्यांची भांडी वेगळी, त्यांचं रांधप शांता करते. आई बाहेर आली ती म्हणाली, "बाई जानती हाय."

मला वाटलं, जिंकलो.

कसला जिंकतो! त्या दुपारी आई जेवायच्या खोलीत दिसेना. स्वयंपाकघरात डोकावलो. आई पाट्यावर खोबरं-मिरची वाटत होती, शांता बाजूला उभी राहून हसत होती आणि एस्पेरान्सबाई सांगत होत्या, "आनीक बारीक गो, आनीक बारीक!"

"आई, हे काय?"

"शांताचा हात दुखतोय. लई वाटान लागतं बाबा ह्यांच्यात."

आबा खुर्चीवर बसून मासळीच्या काट्यांशी झुंजत होते. घास काढून म्हणाले, "काय मास्तर? एक चूल बंद केली, तर तिनं दुसरी धरली!" आणि त्यांना हसता हसता ठसका लागला.

त्या काळ्या पट्ट्याचंही सांगून टाकतो. दुपारी आई कुठूनतरी शेणाची पाटी घेऊन आली आणि भिंत सारवून द्यायला निघाली. मी, आबा आणि एस्पेरान्सबाईंनी मिळून तिला अडवलं. शेवटी मी आणि आबांनी चुना आणि पिवळी माती आणून भिंत रंगवली. आमचा पिवळा त्यांच्या पिवळ्यापेक्षा जरा गडद झाला. एस्पेरान्सबाई म्हणाल्या, असू दे, तुमची खूण राहील.

फेरी आणि जुनं गोवं

तिसऱ्या दिवशी आई आम्हाला स्वयंपाकघरात सापडू नये म्हणून मी सकाळीच सगळ्यांना बाहेर काढलं. एस्पेरान्सबाईही आल्या, जुन्या गोव्याला त्यांना मेणबत्ती लावायची होती.

तिथली देवळं म्हणजे चर्चेस पाहून मान दुखते. आपल्याकडं देवाच्या पुढं वाकावं लागतं, गाभारा लहान, दार ठेंगणं. इथं उलट, वर बघावं लागतं. आईनं चप्पल बाहेर काढली आणि आत जाऊन हात जोडले. एस्पेरान्सबाईंनी गुडघे टेकले. बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "काय मागितलं?" त्या म्हणाल्या, "पावसाआधी छप्पर शाकारून व्हावं." आई म्हणाली, "मी पाऊसच मागितला." दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या. एकीला पाऊस हवा, एकीला जरा उशिरानं.

संध्याकाळी फेरीबोटीनं मांडवी ओलांडून पलीकडं गेलो आणि लगेच परत आलो, नुसती मजा म्हणून. नुसती मजा म्हणून कुठं जाऊन यायची आमच्या घरातली ही पहिली वेळ. आबांनी फेरीबोटवाल्याला विचारलं, "पुनतांब्याला गोदावरीत नाव असती, तिला तर मानूस वल्हवतो. ह्या एवढ्या धुडाला किती जन लागतात?" इंजिन आहे म्हटल्यावर ते जरा नाराज झाले.

रात्रीचं जेवण? आई वाढत होती. आम्हाला, आणि हुबळीहून आलेल्या एका औषधविक्यालाही. त्यानं मला विचारलं, "ही बाई इथं नवीन लागली का?" मी म्हणालो, "ती माझी आई आहे, आणि ती इथं पाहुणी आहे." तो ओशाळला. पण चूक त्याची नव्हती. आमचा एकच दिवस उरला होता, आणि मी पाथर्डीहून इतक्या लांब आईला आणून तिला फक्त एक नवं स्वयंपाकघर दिलं होतं.

शेवटचा दिवस

सकाळी आम्ही पुन्हा मिरामारला गेलो. किनाऱ्यावर रापण चालू होती. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर माणसं ओढत आणतात. वीस-पंचवीस माणसं एका ओळीत, कमरेतून वाकून, एका सुरात. बायका टोपल्या घेऊन थांबलेल्या.

आबा उभे राहिले. "ऊसतोडीवानी टोळीच हाय रं ही," ते म्हणाले. आणि मी काही बोलायच्या आत धोतराचा काचा मारून ओळीच्या शेवटी दोराला लागले.

कुणी त्यांना हटकलं नाही. पुढचा माणूस फक्त मागं वळून म्हणाला, "ओड रे बाबा, ओड!" आबांनी ओढलं. अर्ध्या आयुष्याची सवय, पाठ कशी वाकवायची ते त्यांना कुणी शिकवायचं नव्हतं. जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा त्यात चांदीसारखे बांगडे उड्या मारत होते. तिथली रीत अशी की ज्यानं दोर ओढला त्याला वाटा. त्यांनी आबांच्या उपरण्यात बांगडे घातले. आबा नको नको म्हणत होते आणि उपरणं अजून पसरत होते.

हॉटेलात आल्यावर त्यांनी ते बांगडे एस्पेरान्सबाईंच्या पुढं ओतले. "बाई, हे माझ्या मजुरीचं हाय. आज ह्याचं जेवन करा, आन् आज तुमी बी आमच्यासंगं बसा."

एस्पेरान्सबाई म्हणाल्या, पाहुणे जेवल्याशिवाय त्या कधी बसत नाहीत. आई म्हणाली, घरधनीन उभी असताना ती कशी बसेल? शांता म्हणाली, बाई बसल्याशिवाय तिनं बसायचा प्रश्नच नाही. कालवण झालं, भात झाला, बांगडे तव्यावर लाल झाले, आणि तीन बाया स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, "तू बस," "तू बस गो," "आधी तुमी."

मी सुशिक्षित माणूस. मी समजावू लागलो, मोठी मोठी वाक्यं बोलू लागलो. आबांनी मला हातानं बाजूला केलं.

"मास्तर, तुमी गप बसा. टेबल सरकवा."

टेबलं भिंतीला गेली. आबांनी जेवायच्या खोलीत चटया अंथरल्या, एका ओळीत. आमच्या गावात लग्नाची पंगत बसते तेव्हा वाढायचं काम पुरुषांचं असतं, आणि आबा गावातले नावाजलेले वाढपी. त्यांच्या हातातली बादली कधी सांडत नाही आणि त्यांना नको म्हणून कुणी सुटत नाही. पण तिथंही बायांची पंगत सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं. आबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, कालवणाचं भांडं उचललं आणि पंगतीत देतात तशी हाक दिली:

"चला, बायांची पंगत पयली! बसून घ्या!"

"आवं, काय ह्ये! लोकं बघत्यात," आई म्हणाली.

"बघू द्या. वाढप्याचा हात भरलाय. पंगतीतनं कोन उठलं तर अन्नाचा अपमान. हाय का हिम्मत?"

आम्ही लोक सगळं मोडू, पंगत मोडणार नाही. एस्पेरान्सबाई झगा आवरून चटईवर बसल्या, गुडघे कुरकुरले. त्यांच्या शेजारी शांता. आणि दोघींच्या मधे जागा करून आई. एक गुडघा उभा होता. आबांनी ताटात भात घातला, थांबले, आणि म्हणाले, "मांडी घाल नीट. पाहुनी हायस."

आईनं मांडी घातली.

आबांनी कालवण वाढलं, बांगडा वाढला, "बाई, तुमाला आजून?" "शांताबाई, लाजू नका!" म्हणत ओळीतून फिरले. औषधविक्याही दारात येऊन उभा राहिला, त्यालाही आबांनी पाण्याचा तांब्या देऊन कामाला लावलं. मी मीठ वाढलं. मला तेवढंच जमतं. आई आधी ताटाकडं पाहत राहिली. मग जेवायला लागली. सावकाश, एकेक घास. कुठं जायचं नाही, काही उचलायचं नाही, कुणी हाक मारत नाही. काटा बाजूला काढायचा, घास घ्यायचा, एस्पेरान्सबाईंच्या बोलण्याला मान हलवायची. मी उभा राहून पाहत होतो. आई जेवताना कशी दिसते हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं.

मधेच तिनं मान वर केली. आबा पुढं गेले होते. ती म्हणाली, "आवं वाढपी, हिकडं या. भात आना. कालवन बी."

आबांनी भांडं खाली ठेवलं, माझ्याकडं पाहिलं आणि मागं फिरून भात आणायला गेले.

पणजीचं बाकी सगळं पाहायचं राहिलं तरी चालेल. माझी आई पहिल्या पंगतीला बसली, मांडी घालून बसली, आणि मागून घेऊन जेवली.